बाकी सगळं तसंच ठेवा

शुक्रवारची सकाळ होती. मी ठाकूरद्वारच्या घरात चहाची भांडी विसळत होते आणि फोन वाजला. शैलाची भाची अश्विनी. "नीलामावशी, आत्या जागी आहे, माझ्याकडे बघतेय, पण बोलत नाहीये. उजवा हात उचलतच नाहीये तिचा... आम्ही तिला परळच्या हॉस्पिटलात घेऊन निघालोय." मी ओल्या हातानंच खाली उतरले आणि टॅक्सीत बसले. शैलाला काय झालं असेल ते मला तेव्हाच कळलं होतं, असं मी म्हणणार नाही. पण मी घाबरले ती वेगळ्याच कारणानं. शैलाची एक गोष्ट त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती, आणि मला ठाऊक होती. चौथ्या दिवशी ती गेली. त्याला आता दीड महिना होईल.

आम्ही दोघी एकाच नाट्यगृहात तीस वर्षं नोकरीला होतो. मी आत ऑफिसात, नाटकांना तारखा द्यायच्या नोंदवहीवर. ती बाहेर तिकीट खिडकीत. मूळची मालवणकडची, वडील गिरणीत. लालबागच्या ज्या चाळीत जन्मली त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी अश्विनी यांच्याबरोबर राहायची. लग्न केलं नाही. तिला खिडकीवर बसायला लावलं तेव्हा ती रडली होती, हे मला तिनंच पुढे सांगितलं. नऊ वर्षांची असताना स्टोव्हचा भडका होऊन तिच्या डाव्या जबड्यापासून गळ्यापर्यंतची कातडी भाजली होती. ती जागा आक्रसून दोरीसारखी ओढली गेली होती, त्यामुळे मान पुरती वळायची नाही. आणि नाटकाला आलेली माणसं खिडकीतून आधी तिथे बघायची, मग तिकीट मागायची. "बघूदेत गो," ती म्हणायची, "सुटे पैसे तयार ठेवा म्हणजे झालं." पण उन्हाळ्याच्या घामातही तिचा पदर गळ्यावरून कधी हलला नाही.

दुसरं दुखणं आतलं. लहानपणच्या सांधेतापानं हृदयाची झडप खराब झाली होती. पस्तिशीत परळच्या हॉस्पिटलात तिला धातूची झडप बसवली. ऑफिसात पंखा बंद असला की तिच्याजवळ बसल्यावर त्या झडपेची टिकटिक ऐकू यायची. मला सुरुवातीला दचकायला व्हायचं. धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, रोज, ठरलेल्या वेळी, महिन्याला रक्ततपासणी, मेथी-पालक बेताचा, दात काढायचा तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. हे सगळं तिनं तेवीस वर्षं शाळेतल्या हुशार मुलीसारखं पाळलं. अलीकडे रात्रीची गोळी अश्विनी तिच्या हातावर ठेवायची. घेतली की नाही हे बघूनच हलायची.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी शैला माझ्याकडे आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "मला हे काढायचंय." बोट गळ्याकडे. मी काही बोलायच्या आत तिनं सांगून टाकलं की दादरच्या एका प्लास्टिक सर्जनला ती दाखवूनही आली आहे. डाग पुसला जाणार नाही, पण ओढलेली कातडी सैल करता येईल, मान वळेल, रंग बराच फिका होईल, असं ते म्हणाले होते. "घरी काय म्हणाले?" मी विचारलं. "घरी सांगायचं नाही. दादा म्हणणार, असलं काळीज घेऊन कसली हौस? वहिनी म्हणणार, आता ह्या वयात कोणाला दाखवायचंय? आणि दोघंही बरोबर. म्हणूनच सांगायचं नाही." तिनं मला आजवर काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं. क्लिनिकच्या कागदावर नातेवाईक म्हणून मी सही केली, नातं लिहिलं मावसबहीण. फाइल माझ्या कपाटात राहिली.

त्या सर्जननं घाई केली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. धातूची झडप आहे म्हटल्यावर त्यांनी आम्हाला आधी परळला धाडलं. हृदयाच्या डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "करायलाच हवं का? हे जिवावरचं दुखणं नाही." शैला म्हणाली, "साहेब, पन्नास वर्षं थांबलेय." मग त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला दोनदा समजावून सांगितली. गोळी चालू ठेवून कापलं तर रक्त थांबणार नाही. गोळी नुसतीच बंद ठेवली तर झडपेवर गुठळी धरेल. म्हणून ऑपरेशनच्या आधी पाच दिवस गोळी बंद, तिचा असर एक-दोन दिवस टिकतो म्हणून तिसऱ्या दिवसापासून तिच्या जागी पोटात इंजेक्शनं, शेवटचं आदल्या दिवशी सकाळी, आणि ऑपरेशननंतर ते सांगतील तसं पुन्हा सुरू. "मधे एकही दिवस रिकामा जाता कामा नये," ते म्हणाले. दोघींनी माना डोलावल्या.

ऑपरेशन सोमवारी होतं. मंगळवारी रात्री शेवटची गोळी घेतली आणि बुधवारी शैलानं अश्विनीला सांगितलं, "डॉक्टरनं गोळी बदललीय, आता मी माझी सकाळीच घेते." अश्विनीचा तिच्यावर पूर्ण विश्वास. शुक्रवारपासून आमच्या वाडीतल्या सिस्टर तिला माझ्या घरी इंजेक्शन द्यायच्या. आठ दिवस आम्ही दोघी गणपतीपुळ्याला जातोय, असं लालबागला सांगून रविवारी दुपारी ती बॅग घेऊन माझ्याकडे आली. बॅगेत नवा ब्लाउज होता. मोठ्या गळ्याचा. आयुष्यात पहिल्यांदा शिवलेला. आरशासमोर तो नुसता अंगाला लावून उभी राहिली आणि स्वतःशीच हसली.

चारच्या सुमाराला क्लिनिकमधून फोन आला. तिनं स्पीकर लावला. रिसेप्शनवरची मुलगी घाईत होती. "मॅडम, सरांना खूप ताप आहे, उद्याच्या सगळ्या केसेस पुढे ढकलल्यात. तुमची पुढच्या सोमवारी घेऊ. बाकी सगळं तसंच ठेवा हं." फोन बंद झाला.

शैलानं ब्लाउज घडी करून बॅगेत ठेवला. म्हणाली, "मग आता गोळीचं काय गो?"

"तसंच ठेवा म्हणाली ना."

"इंजेक्शनं तर आज संपली."

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, "येत्या बुधवारपासून पुन्हा बंदच करायची आहे गोळी. दोन दिवसांसाठी चालू कशाला करतेस? शुक्रवारपासून इंजेक्शनं घेऊ परत." तीस वर्षं मी नाटकांच्या तारखा पुढे सरकवल्या. एक प्रयोग हलला की त्याच्याबरोबरचं सगळं आठवडाभर पुढे लिहायचं. ही तारीखही मी तशीच सरकवली.

"उद्या परळला जाऊन विचारूया का?" असंही मी म्हटलं, नाही असं नाही. पण तिनं मान हलवली. "नको. त्यांनी एकदा कसंबसं हो म्हटलंय. परत समोर गेले आणि नको म्हणाले तर?" मीही विषय सोडून दिला. संध्याकाळी गणपतीपुळ्याचं बुकिंग रद्द झालं असं सांगायचं ठरवून ती बॅगेसकट लालबागला परत गेली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार... आम्ही रोज फोनवर बोलत होतो. गुरुवारी ती म्हणाली, "उद्या संध्याकाळी इंजेक्शनाला येते, सुरमई आणते, रस्सा तू कर."

हॉस्पिटलात पोचले तेव्हा शैलाला आत नेलं होतं. तरुण डॉक्टर अश्विनीला विचारत होते, "रक्त पातळ करायची गोळी चालू होती ना?" ती म्हणाली, "हो, एक दिवस चुकत नाही तिची." मी दोन पावलं मागे उभी होते. पुढे होऊन म्हटलं, "नाही. दहा दिवस झाले, गोळी बंद आहे. रविवारपासून इंजेक्शनही नाही." ते ऐकून डॉक्टर लगेच आत वळले. अश्विनी माझ्याकडे बघत राहिली. मीच तिला सगळं सांगितलं, भिंतीला टेकून, तुकड्या-तुकड्यांनी. झडपेवर धरलेली गुठळी सुटून मेंदूत गेली होती, आणि झोपेत केव्हा गेली ते कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे गुठळी विरघळवायची वेळ टळून गेली होती, पुढे करण्यासारखं फार उरलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ उभी राहिले तेव्हा तिनं डोळे उघडले. ओळखलं असावं. डावा हात गळ्याकडे नेला आणि चादर वर ओढायचा प्रयत्न करू लागली. मी ती हनुवटीपर्यंत ओढून दिली.

तिचा भाऊ, आम्ही त्याला बाळादादा म्हणतो, तिसऱ्या दिवशी जिन्यात माझ्यासमोर उभा राहिला. "तुका म्हायत होता?"

"हो, दादा."

"आनि गोळी?"

"मीच म्हटलं, राहू दे."

तो कठड्याला धरून उभा होता. मग म्हणाला, "आमका सांगल्यान असता तर आम्ही नको म्हटला असता... म्हणान नाय सांगल्यान," आणि खाली उतरून गेला. तो माझ्यावर ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

सगळं झाल्यावर मी एकदा फाइल घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. का गेले, सांगता येत नाही. कोणीतरी मला दोषी ठरवावं असं वाटत असेल. त्यांनी तसं केलं नाही. स्वतःच्याच चिठ्ठीकडे बघत म्हणाले, "तारीख बदलली तर मला फोन करा, हे मी लिहायला हवं होतं. ऑपरेशन पुढे गेलं की ही चिठ्ठी संपली. गोळीचं पुन्हा पहिल्यापासून विचारायचं, त्याच दिवशी. रिसेप्शनवरची मुलगी काय म्हणाली यावर विसंबायचं नाही." एवढं साधं वाक्य. क्लिनिकमधली ती मुलगी, डॉक्टर, शैला, मी... कुणाच्याही तोंडी ते वेळेवर आलं असतं तर पुरलं असतं. हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहायला बसले त्याला तेही एक कारण आहे. रक्त पातळ करायची गोळी घेणारं माणूस बहुतेक घरांत असतं, आणि त्यातलं एखादं काहीतरी लपवत असतं.

तेराव्याला मी गेले नाही. धीर झाला नाही. त्यानंतर दोन दिवसांनी बाळादादा माझ्या दारात उभा. तीस वर्षांत तो पहिल्यांदा ठाकूरद्वारला आला होता. पाणीसुद्धा न घेता त्यानं खिशातून नाट्यगृहाचं जुनं ओळखपत्र काढलं. भिंतीवर लावायला शैलाचा समोरून काढलेला दुसरा फोटोच घरात नव्हता. भाच्याच्या लग्नात, बारशात, सहलीत, सगळीकडे ती पाठमोरी, नाहीतर कुणाच्या तरी मागे. ओळखपत्रासाठी मात्र पदर खाली घ्यायला लावला असणार; गळा सगळा दिसत होता. "स्टुडिओवालो विचारता," बाळादादा म्हणाला, "ह्यो डाग काढून टाकू काय? दोन मिनटांचा काम आसा म्हणता कम्प्युटरवर." त्यानं ते माझ्यापुढे धरलं. "घरात कोणाकच समजना. तिका काय होया होता ता तुका म्हायत. तू सांग."

मी ते ओळखपत्र हातात धरून बसले. दोन मिनिटांचं काम... माझ्या तोंडून "काढा" हे निघायला त्याहून जास्त वेळ लागला.

आता तो फोटो त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे. दर शुक्रवारी मी लालबागला जाते. वहिनी चहा ठेवते, अश्विनी हल्ली दोन शब्द बोलते. फोटोतला गळा स्वच्छ, गुळगुळीत आहे. पहिल्या दिवशी वहिनी म्हणाली होती, "बरा दिसता... पण कोणतरी दुसराच दिसता." तरी फोटो कोणी उतरवला नाही. मी समोरच्या खुर्चीत बसते, त्या ओठांत, त्या भुवयांत शैला शोधत राहते. काही वेळानं ती सापडते. तोवर माझा हात आपोआप वर गेलेला असतो आणि मी माझा पदर गळ्याभोवती ओढून घेतलेला असतो.