ऋषिराजच्या राजीनाम्याचे पेढे

फोनवर एखाद्या मालकाचं नाव उमटलं की राजेश्वरी आधी स्कूटीची किल्ली शोधायची. कामच तसं होतं तिचं. बारामतीच्या एका संस्थेकडून ती दिव्यांग पोरापोरींना नोकऱ्या मिळवून द्यायची आणि त्या टिकवायलाही धडपडायची. मिळवणं जमायचं, टिकवताना नाकी नऊ यायचे. "म्याडम, तुमचं माणूस घेऊन जावा," हे तिनं दुकानांत, गोदामांत, डेअरीत अगदी पोटभर ऐकलं होतं.

त्या सकाळी कळसला घरी भाकरी थापत असताना जोतीरामतात्यांचा फोन आला. पळसदेवजवळ हायवेला त्यांचं मच्छीचं हॉटेल.

"म्याडम, आत्ताच्या आत्ता या. तुमच्या ऋषिराजनं घोटाळा केलाय."

ऋषिराजला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिनंच त्याला तिथं वाढपी म्हणून लावलं होतं. पहिल्या दिवशी तात्या त्याच्यापुढं उभं राहून ओरडले, मग आणखी मोठ्यानं ओरडले. शेवटी राजेश्वरीनं तिथंच तळ ठोकला आणि सगळ्यांना खुणा शिकवल्या. चिलापी माशाला तळवा हलवायचा, मरळीला हात सापासारखा वळवायचा. गल्ल्यावर बसून तात्या एवढ्या तन्मयतेनं मरळ करायचे की नवी गिऱ्हाइकं बिचकायची.

आता मात्र सगळं मुसळ केरात. स्कूटीवर ती वाटभर विनवण्या घोकत राहिली. तात्या, एक डाव माफ करा. तात्या, मी पुन्हा येऊन बसते.

तात्या दारातच उभे होते, तोंड उतरलेलं.

"काय मोडलं?" तिनं हेल्मेट न काढताच विचारलं.

"मोडलं कुठं काय? त्यो चाललाय. इंदापूरला, नव्या हॉटेलात."

"म्हंजे तुमी काढलं त्याला?"

"आवं, मी कशाला काढीन? त्यानंच सोडलं! तुमी समजवा की त्याला."

राजेश्वरीला काही कळेचना. तिनं ऋषिराजला बाहेर बोलावलं. तो आला तोच भराभरा हात हलवत. ताटं पुरे झाली, मला मासे तळायचेत. तिथं तवा देतायत. इथं? त्यानं आत चुलीकडं बोट दाखवलं आणि आपल्याच गळ्यावरून सुरीसारखा हात फिरवला.

आतून तात्यांच्या बायकोचा, सिंधुबाईंचा आवाज आलाच. "माजा तवा मी जित्ती हाय तवर कुणाला द्याची न्हाय!"

राजेश्वरीला हसू फुटलं. तिच्या पोरांना लोकांनी काढलं होतं, घरी बसवलं होतं, 'बघू' म्हणून टोलवलं होतं. आपण होऊन नोकरी सोडणारा हा पहिलाच गडी! हेल्मेटमध्ये ती हसता हसता रडायला लागली. ऋषिराज आधी घाबरला, मग तोही खिदळायला लागला.

सुट्टी कधी, कामाची वेळ काय, पगार ठरला का, असं तिनं खोदून विचारलं. त्यानं सगळं आधीच ठरवलं होतं. वर, नवा माणूस मिळेपर्यंत इथं थांबणार होता.

"मग मी काय समजवू, तात्या? मर्जी त्याची हाय," असं म्हणून ती शेजारच्या दुकानातून पेढे घेऊन आली.

"हे कशाचं?" तात्यांनी विचारलं.

"राजीनाम्याचे!"

तात्यांनी रागारागानं दोन खाल्ले. सिंधुबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. एक पेढा त्यांनी ऋषिराजच्या तोंडात कोंबला आणि तेल किती तापलं की मासा सोडायचा ते हातवारे करून त्याला बजावू लागल्या. तव्याला मात्र हात लावू दिला नाहीच.

तात्या घुटमळले. "म्याडम, दुसरं कुणी हाय का? खुणा मला येत्यात आता."

काटेवाडीची प्रतिक्षा तिला लगेच आठवली. तिलाही ऐकू येत नव्हतं आणि घरी बसून ती कंटाळली होती. राजेश्वरीनं स्कूटीच्या सीटवर फोन टेकवून व्हिडिओ कॉल लावला आणि हायवेच्या कडेला दोन्ही हातांनी हॉटेल, मासे, मालक सगळं सांगितलं. जाणारे ट्रकवाले तिच्याकडं बघून हॉर्न वाजवत होते.

सगळं बघून झाल्यावर प्रतिक्षानं एकच विचारलं, मालकीण रागीट आहे का?

राजेश्वरीनं मागं वळून बघितलं. सिंधुबाई अजून ऋषिराजपुढं हात नाचवत होत्या. खोटं कशाला बोला? तिनं दोन्ही हात होते तेवढे लांब फाकवले.

प्रतिक्षा पोट धरून हसली आणि तिनं विचारलं, उद्याच येऊ?