रोमन सैनिकाविरुद्ध हेमांगी

रविवारची दुपार आहे. जेवून मी पुढच्या सोप्यात वेताच्या खुर्चीत टेकलोय. माझी बायको शालन आत तांदूळ पाखडतेय. डोळे जड होतात तसा सुपाचा आवाज लांब जायला लागतो. तेवढ्यात शेजारच्या पोवारांच्या घरातून ते संगीत सुरू होतं. ढोल, तुतारी, मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणखणाट. टीव्हीवर 'समोरासमोर'चा जुना भाग पुन्हा दाखवतायत. कुणीतरी घाईनं उठून आवाज कमी करतं. पोवार भली माणसं आहेत, आमच्या कानांवर जाऊ नये म्हणून जपतात. पण माझ्या कानांवर गेलेलं असतं.

"आबा, उठा की. सुरू झालं."

हेमांगी उंबऱ्यावर बसलीय. अंगात शूटिंगचा अंगरखा आहे. मुंडासं काढून तिनं मांडीवर ठेवलंय आणि ओठावर मिशी चिकटवलेल्या डिंकाचा लाल चट्टा उमटलाय. मला नवल वाटत नाही. ती गेली आहे हे मला झोपेतही ठाऊक आहे. पण घरातलं माणूस घराच्या दारात बसलं, तर त्यात विचारायचं काय?

हेमांगी आमची एकुलती एक मुलगी. शाळेत असल्यापासून गल्लीतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकायला जायची. लाठी, भाला सगळं यायचं, पण जीव होता दांडपट्ट्यावर. पट्ट्याचं पातं लांब, लवलवतं, दोन्ही बाजूंनी धार असलेलं. आणि हात कोपरापर्यंत झाकणारा पोलादी खोबळा. एकदा हात आत गेला की मनगट वळत नाही. सगळं खांद्यातून आणि कमरेतून करायचं. ती पट्टा फिरवायला लागली की बघणारे आपोआप दोन पावलं मागं सरकायचे.

मी कोल्हापुरातल्याच एका हायस्कुलात उभा जन्म इतिहास शिकवला. 'समोरासमोर' आम्ही बापलेक मिळून बघायचो, ते मुख्यतः भांडायला. दोन वेगळ्या काळांतले योद्धे घ्यायचे, त्यांची शस्त्रं मातीच्या पुतळ्यांवर चालवून बघायची, मग संगणकात त्यांची हजार वेळा लढत लावायची आणि कोण जिंकला ते जाहीर करायचं. शेवटी ती लढत नटांकडून करून दाखवायची. मला ते सगळं बघून चीड यायची. मंगोल घोडेस्वाराला घोड्यावरून खाली उतरवून पायी लढवायचं आणि वर तो हरला म्हणून सांगायचं, हा कुठला न्याय? हेमांगी म्हणायची, करमणूक आहे, सोडून द्या. मी म्हणायचो, करमणूक करा, पण ढाल तरी खरी घ्या.

मग त्यांनाच एक पट्टेकरी हवा झाला. तिचा खेळ कुणीतरी मोबाइलवर टाकला होता, तो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला आणि आषाढात तिला मुंबईला बोलावणं आलं. सतराव्या शतकातला मराठा पट्टेकरी विरुद्ध रोमन सैनिक. पट्टेकरी बाईमाणूस कसा चालेल, म्हणून तिला मिशी लावली. तिनं तो फोटो पाठवला तेव्हा शालन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. परत आल्यावर निकालाचं मात्र तिनं एका शब्दानं सांगितलं नाही. म्हणाली, बघा आणि चुका सांगा. सगळ्या.

गणपतीत तिला ताप आला. डेंग्यू निघाला. आठवडाही काढला नाही तिनं.

कार्तिकात वाहिनीतल्या एका मुलीचा फोन आला. ती स्वतःच रडत होती. म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर आम्ही भाग दाखवणार नाही.  शालननं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, दाखवा.

आम्ही दोघांनी बघितला. संगणकानं रोमन सैनिकाला जिंकवलं होतं. तो ढालीनं रेटत येतो, आखूड तलवार खुपसतो, आणि आमची हेमांगी दोन्ही हात पसरून गिरकी घेते अन् धुळीत पडते. तेच परत सावकाश दाखवलं. मग वरून दाखवलं. शालन उठली, टीव्हीजवळ गेली, आणि तिनं पडद्यावर, हेमांगीच्या पाठीवर, तळवा ठेवला. जाहिराती लागल्या तरी ती तशीच उभी होती.

"चला," हेमांगी म्हणते आणि उंबरा ओलांडते.

पलीकडं आमची गल्ली आहे, पण पायाखाली वाळू लागते. वर मोठाले दिवे आहेत. समोर नववी ब चा फळा आहे आणि त्यावर माझ्याच अक्षरात 'पुरंदरचा तह : कारणे व परिणाम' लिहिलंय. फळ्याखाली दवाखान्यातला लांब बाक आहे. त्यावर सगळे ओळीनं बसलेत. मंगोल स्वार, सामुराई, तुऱ्याच्या शिरस्त्राणातला ग्रीक. प्रत्येकाच्या हातात केसपेपर आहे. शस्त्रं भिंतीला टेकवून ठेवलीत, पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात छत्र्या ठेवतात तशी. प्रत्येकाच्या कोपराच्या खळीत कापसाचा बोळा आणि वर चिकटपट्टी आहे. कुणी कुणाकडं रागानं बघत नाही. सामुराई थोडा सरकतो आणि मंगोल स्वाराला ऐसपैस बसू देतो.

टोकाला रोमन सैनिक गुडघ्यावर डबा उघडून चपाती-भाजी खातोय. मला बघून तो घास खाली ठेवतो आणि "नमस्कार काका" म्हणतो. त्या भागात रोमन सैनिक झालेला हा मुलगा पुण्याच्या एका व्यायामशाळेत शिकवतो. भाग दाखवला त्यानंतर तो आम्हाला भेटायला आला होता. तासभर बसला, चहा घेतला. जाताना शालनच्या पाया पडला आणि पटकन उठलाच नाही.

हेमांगी बाकावर बसते. मी उभाच आहे, माझ्या हातात खडू आहे.

"बघितलासा काय?"

"बघितला."

"मग सांगा की. सगळ्या सांगा."

मी सांगायला लागतो. रोमन सैनिकाची ढाल लाकडाची असते, वरून कातडं. यांनी लोखंडाची दाखवली. तुझ्या पट्ट्याचा खोबळा निम्मा कापला, त्यामुळं मनगट वळताना दिसलं आणि सगळा खेळच गेला. दोघंही एकेकटे दाखवले. रोमन सैनिक एकटा कधी लढला? त्याच्या खांद्याला दुसऱ्याचा खांदा असायचा. आपला पट्टेकरीही मोकळ्या मैदानात असा एकटा कशाला जाईल? तिच्या पाठीमागं तिची माणसं असतील. मी 'तिच्या' म्हणतो आणि ते दुरुस्त करत नाही.

ती प्रत्येक चुकीला मान हलवते, मला उगीच धीर आल्यासारखं होतं.

भागाच्या सुरुवातीला तिची मुलाखत होती, तिच्यातलंही मी सांगतो. आमच्याकडं कोल्हापूरच्या पोरी मी आलो, मी गेलो असंच म्हणतात. तिच्या तोंडून दुसरं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. पडद्यावर मात्र ती जपून म्हणते, मी लहानपणापासून खेळते. त्या एका शब्दापुरती ती मला परक्याची वाटली होती. हे ऐकून ती हसते. त्यांनी परत परत म्हणून घेतलं म्हणते, जीभ वळत नव्हती.

मग ती हसायची थांबते.

"आणि मी पडलो, ते?"

आतून नर्स नंबर पुकारते. बाकावरचं कुणीच उठत नाही. सगळे माझ्याकडं बघतायत. रोमन सैनिकानं डबा बंद केलाय.

"ते चूक होतं," मी म्हणतो. "माणूस तसा पडत नाही."

"मग कसा?"

मला सांगायचं नाही. पण सगळ्या सांगा असं ती म्हणालीय, आणि तिला मी कधी अर्धवट शिकवलेलं नाही. म्हणून सांगतो. गिरकी नाही, काही नाही. सकाळ होती. खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. तुझा हात आईच्या हातात होता. रात्रभर तळमळत होतीस आणि मग शांत झालीस. आईला वाटलं, पोरीला एकदाचा डोळा लागला. मी चहाचं विचारलं तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. मग आम्ही दोघं कितीतरी वेळ कुजबुजत बोललो. तू उठू नयेस म्हणून.

हेमांगी खाली बघत ऐकते.

"म्हणजे मला कळलंच नाही?"

"आम्हालाही नाही कळलं, बाळा."

ती कोपरावरचा बोळा दाबून धरते. म्हणते, हे त्यांना दाखवता आलं नसतं. मी म्हणतो, नसतंच आलं.

माझ्या हातात खडू नाही. फळाही नाही, बाकही नाही. पायाखाली तालमीची तांबडी माती आहे, तुपाताकात मळलेली, थंडगार. कुस्तीच्या हौद्यात दुसरं कुणी नाही. कौलांतून उन्हाची तिरीप येते आणि त्यात धूळ तरंगतेय. हेमांगी खोबळ्यात हात घालतेय. आतली चामड्याची वादी तिला एका हातानं आवळता येत नाही, म्हणून मी आवळून देतो. माझा हात तिच्या हाताशेजारी येतो. माझ्या कातडीवर डाग पडलेत, शिरा वर आल्यात. ती ते बघते.

"आबा, तुम्ही म्हातारं झालासा ओ."

"झालो."

"एक सांगा. त्या संगणकाचं सोडा. खरं कोण जिंकलं असतं?"

हे तिनं मला शंभरदा विचारलं असेल, आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं. तेच मी आता देतो. प्रश्नच चूक आहे. एक माणूस एका काळातला, दुसरा दुसऱ्या काळातला. ते समोरासमोर येऊच शकत नाहीत. आले असं दाखवणं म्हणजे खोटं.

 पट्ट्याचं पातं तिच्या हाताच्या टोकाला हळूच थरथरतंय. ती जशी होती तशीच आहे, गेल्या आषाढातली. यापुढंही ती एवढीच राहणार. मी दर वर्षी तिच्यापासून थोडा थोडा लांब जाणार. मी जे आत्ता बोललो ते माझ्याच कानांवर पडतं.

"खोटं असू दे," मी म्हणतो. "तू येत जा."

"तुम्ही चुका काढत बसाल."

"एक काढणार नाही. ढाल लोखंडाची असू दे, मिशी असू दे, कसंही ये. तेवढं येत जा."

ती माझ्याकडं बघते, लहानपणी मी शाळेला निघताना बघायची तशी. मग अंगरख्याच्या घडीतून एक लिंबू काढते. तालमीच्या खेळात ते असायचंच; समोरच्याच्या तळव्यावर लिंबू ठेवायचं आणि कातडीला न लागता पट्ट्यानं त्याचे दोन तुकडे करायचे. घरी सरावाला शालन हात पुढं धरायची, डोळे उघडे ठेवून. मी मागल्या दारी जाऊन उभा राहायचो. पात्यानं काय होतं हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेलं होतं.

"हात पुढं करा."

मी करतो. ती लिंबू तळव्याच्या मधोमध ठेवते, माझी बोटं एकेक करून सरळ करते. तिची बोटं गरम आहेत. तापाची गरम नाहीत, खेळून आल्यावर असायची तशी.

"हलू नका, आबा. आईला सांगा, मी पडलो नाही म्हणून."

"सांगतो."

"येतो मी."

ती मागं सरकते. कंबर वळते, खांदा वळतो, मनगट जागचं हलत नाही. एकही चूक नाही. तळव्यावरून वारा जातो.

शालन खांद्याला हलवत होती. दिवे लागायची वेळ झाली होती, पोवारांचा टीव्ही बंद होता. चहा ठेवलाय म्हणाली, किती हाका मारल्या. मी खुर्चीत तसाच होतो, उजवा हात पुढं पसरलेला, तळवा वर.

तिनं वाकून बघितलं. तळवा ओला होता. बोटांच्या बेचक्यांतून मनगटाकडं ओघळ गेला होता आणि एक बी जीवनरेषेला चिकटली होती. ती म्हणाली, लिंबू कुठलं चिरलंत? घरात तर एकही नाही.

मी म्हणालो, "हेमांगी म्हणाली, आईला सांगा, मी पडलो नाही."

शालन खाली बसली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यात तोंड लपवलं. चहा उतू गेल्याचा वास आला तरी ती उठली नाही. मीही हात काढला नाही.

रात्री मी तो हात न धुताच जेवायला बसलो, तेव्हा तिनं काही न विचारता माझ्या ताटात चमचा ठेवला.