बुवांना न दिलेला वन्स मोअर

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी मेसेज आला, ‘दिगंबरबुवा गेले.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी फोन उलटा ठेवला आणि चहा घेतला... दुसरं काय करायचं ते सुचेना.

बोरीवलीत बुवांची डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोर सामना, मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा आम्ही दोघंही तिशीत होतो. दिवसभर मरोळच्या कारखान्यात लेथवर उभा राहणारा हा माणूस संध्याकाळी पेटीवर बसला, की समोरच्या बुवाची वाट लावायचा. टोमणे कडक, आणि शेवटचा गजर इतका चढा की पखवाजवाला घामाघूम. मी पहिल्या रांगेतून ‘वन्स मोअर’ ओरडायचो. बुवा मान वर न करता म्हणायचे, "सुरेश इलो."

पन्नाशीनंतर त्यांनी डबलबारी सोडली आणि एकटेच संथ अभंग म्हणायला लागले, एकेका शब्दावर थांबत... आमच्यातले बरेच जण कंटाळून उठून जायचे. मलाही आधी चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग हळूहळू कळलं, की हे आधीपेक्षा फार चांगलं आहे. इतकं, की संपल्यावर ओरडायची लाज वाटायची. मी गप्प बसायचो आणि तसाच घरी जायचो.

गेल्या वर्षी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांनी अचानक जुना गजर काढला. दम लागत होता, खोकला येत होता, तरी चढवत नेला. मला राग आला. या वयात ही हौस कशाला, असं पुटपुटत मी अर्ध्यातून उठलो. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

काही दिवसांनी बुवांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. चहा देताना त्या सरळच म्हणाल्या, "भावजी, तुमका ह्यांचां हळू गाणां आवडलां नाय ना? घराक इले की म्हणायचे, सुरेश आज पण गप होतो. डॉक्टर नको म्हणत होते, तरी तो गजर तुमच्यासाठीच काढल्यानी. ‘आता सुरेश ओरडतलो बघ,’ म्हणाले."

मला स्वतःची भयंकर चीड आली.

"वहिनी, ते हळू गाणंच तर आवडायचं," मी म्हणालो. "खरं तर तेवढंच आवडायचं."

 त्या उठून भिंतीलगत फडक्याखाली झाकलेल्या पेटीपाशी गेल्या आणि आतल्या खोलीतल्या कुणाला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या,

"आयकलात? आवडायचां म्हणतत."