ओढ्याकाठची प्रार्थना

सरपंचांनी माईकवर "ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो" असं म्हणून भाषण संपवलं आणि मी खणखणीत आवाजात "आमेन" म्हणालो.

सवय, दुसरं काही नाही. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना संपली की सगळी मंडळी मिळून आमेन म्हणते. त्यात माझा आवाज नेहमी चार पावलं पुढं असतो. पाळकसाहेबांनी त्याबद्दल एकदा मला प्रेमानं समजही दिली आहे. पण इथं देऊळ नव्हतं. रहिमतपूरच्या पलीकडच्या एका गावचा ओढा होता, माझ्या मित्राचं रक्षाविसर्जन होतं, आणि पांढऱ्या टोप्यांची अख्खी रांग वळून माझ्याकडं बघत होती. माझी बायको लांब चिंचेखाली बायकांत, वहिनींजवळ, म्हणजे मित्राच्या बायकोजवळ बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. रडू आलं म्हणून लावला असावा, असं मी धरून चाललो.

"ह्ये कोन?" पुढं बसलेल्या, खांद्यावर उपरणं टाकलेल्या एका तरण्या माणसानं विचारलं.

"त्येच्या हापिसातलं हाय. किरिस्ताव."

"मग हितं काय करतंय?" असं म्हणून त्यानं मोबाईल काढला आणि माझ्यावर धरला. मी अंगातल्या कपड्यांतच आक्रसलो.

तिथं मी काय करत होतो ते सांगतो. कोरेगावातल्या एका शाळेच्या ऑफिसात मी आणि हा मित्र शेजारी शेजारी बसायचो. दुपारी डबा उघडला की मी डोळे मिटून दोन-तीन वाक्यं पुटपुटायचो. तो भाकरी मोडून थांबायचा. "झालं का रं? का आज देवाला लय कामं लावलीस?" एकदा डोळे उघडून बघतो तर माझ्या डब्यातलं उकडलेलं अंडं गायब. "तुज्या देवानं न्हेलं गड्या, म्या समक्ष बघितलं," हे तो तोंडात अंडं असताना म्हणाला होता.

शेवटी शेवटी तो सांगलीला दवाखान्यात होता. मी सुटीच्या दिवशी जाऊन बसायचो. अंगाची नुसती काडी झाली होती, जीभ मात्र शाबूत होती. एका दुपारी म्हणाला, "इतकी वर्सं माज्या शेजारी पुटपुटतोयस. काय म्हनतोस ते एकदाबी ऐकू आलं न्हाई. माज्यासाठी एक डाव मोठ्यानं म्हन."

"आत्ता म्हणतो की," मी डोळे मिटायला लागलो.

"आत्ता नगं. शेजारच्या खाटंवरचं म्हनतील, ह्येला बाटवला. मी गेल्यावर म्हन, सगळ्यांच्या म्होरं. मेलेल्याला कोन बाटिवतंय?"

तो हसला आणि मग बराच वेळ खोकत राहिला. मी हो म्हणालो. हो म्हणताना मला वाटलं होतं, हा कुठला जातोय.

तर भाषणं संपली. निवद मांडला. सगळे मागं सरकले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. समोरच्या बाभळीवर दोन कावळे होते, पण खाली यायला तयार नव्हते. मित्राचा भाऊ हात जोडून म्हणाला, "पोरीचं लगीन मी करून देतो, काळजी करू नगंस." कावळे जागचे हलले नाहीत. मामा म्हणाला, "आईवडलांना अंतर देनार न्हाई." तरी नाहीच. कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी माझ्याइतकं टक लावून कावळ्याकडं कुणी बघत नसेल. त्यांनी एकदाचं शिवावं आणि मला तोंड उघडावं लागू नये, एवढंच मी मनात मागत होतो. असली प्रार्थना देवाकडं करायची की कावळ्याकडं, तेही ठरत नव्हतं.

मित्राचे वडील काठी टेकत पुढं आले. फौजेतून आलेला माणूस, पण त्या दोन दिवसांत पार वाकला होता. "कुनाजवळ काय बोलला आसंल तर सांगा, बाबांनो," ते म्हणाले.

मी उठलो. कसा उठलो ते ठाऊक नाही. "आबा, त्यानं मला त्याच्यासाठी प्रार्थना म्हणायला सांगितलं होतं. आमची. मोठ्यानं."

"आता ह्येच ऱ्हायलं हुतं," उपरणंवाला उभा राहिला. "आबा, हितं असलं चालायचं न्हाई. उद्या गावाचं नाव हुईल."

आबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "माज्या पोरानं सांगितलंय न्हवं? म्हना, भावसाब."

मी डोळे मिटले. मघाशी ओढा दणाणून सोडणारा आवाज गेला कुठं, देव जाणे. "प्रभू, हा माझा मित्र. तुझ्या हाती देतो. याच्या माणसांना धीर दे..." मलाच माझं नीट ऐकू येत नव्हतं. डोळ्यांपुढं मोबाईल दिसत होता, मिटलेल्या डोळ्यांपुढंसुद्धा. शेवटी येशूच्या नावानं मागितलं, तेव्हा आवाज निव्वळ ओठांवर उरला होता. आमेन मला म्हणावंच लागलं नाही. मागून कुणीतरी बाईसारखा बारीक आवाज काढून ते म्हटलं आणि तिकडची दोघं-तिघं फिसकन हसली.

डोळे उघडले तर आबा हात जोडून उभे होते. कावळे बाभळीवरच होते. उन्हं चढली तसा निवद गाईला घातला, माणसं उठली. माझ्याशी कुणी भांडलं नाही. नुसती बाजूनं वाट काढून गेली.

फटफटीवर बायको मागं बसली. कोरेगावचा रस्ता लागला. मग मीच म्हणालो, "त्यानं एकच गोष्ट मागितली होती, मोठ्यानं. तेवढीही जमली नाही."

"आम्हाला तिकडं एक अक्षर ऐकू आलं नाही," ती म्हणाली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी मला विचारत होत्या, काय म्हणाले, काय म्हणाले. मग मीच त्यांच्या कानात सगळी प्रार्थना म्हटली. तुम्ही काय म्हणालात ते मला कुठलं ठाऊक? मला आली तशी म्हटली. त्या म्हणाल्या, पुन्हा एकदा म्हणा."