उंबराच्या जागचा खांब

हे मी आजवर कोणाला बोलली नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्ही फिरायला येता ना — पांढुर्ण्यात, नदीकाठी, आमच्या घरासमोर? मग तो दिव्याचा खांब पाह्यलाच असेल. बुडाशी कुंकू लागलेला.

जाम नदीच्या ह्या काठावर आधी फरशी कुठली? उन्हाळ्यात पात्रातल्या रेतीत टरबुजाच्या वाड्या, काठावर माजलेली बेशरमची झुडपं, आणि आमच्या दारासमोर उंबर. सासूबाई — मी त्यांना आई म्हणायची — दर गुरुवारी त्याला पाणी घालायच्या. दत्ताचं झाड ना! डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा मी हात धरून न्यायची. पण खरं सांगू? मला त्या झाडाचा वैताग होता. उंबरं सडायची, माशा घोंगावायच्या, नव्या गाडीवर डाग पडायचे.

मग नदीला भिंत आली, काठावर फिरायला फरशी आली. आई तेव्हा सौंसरला लेकीकडे होत्या. ठेकेदाराचा माणूस दारात आला. "बाई, इथं फरशी टाकून राहिलो. या उंबराले कोणी पुजते का? पुजत असन तर तोडत नाही, पार बांधून देतो."

"हो" म्हणायला काय जात होतं माझं? मी म्हणाली, "कोणी नाही पुजत."

आई परत आल्या. गुरुवारी म्हणाल्या, "चाल व सूनबाई, उंबराकडे." काय सांगणार होती मी? उंबराच्या जागी आता खांब होता. मी हात धरून — हो, तिथंच नेलं. "आलं तुमचं झाड." माझी जीभ कशी झडली नाही? आईंनी तळवा टेकवला. जरा थांबल्या. कुंकू लावलं. पाणी मात्र बाजूला फरशीवर ओतलं. दिसत नाही बिचाऱ्यांना, असं मला वाटलं. मग दर गुरुवारी हेच.

मागच्या थंडीत त्यांना वाकता येईना. म्हणून लोटा मीच घेतला आणि खांबाच्या बुडाशी कलता केला. आईंनी झटकन माझं मनगट धरलं.

"त्याच्यावर नको टाकू व पोरी — करंट लागन तुले."

म्हणजे पहिल्या गुरुवारपासून — सगळं ठाऊक होतं त्यांना. मला रडू फुटलं. घरापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि त्या विषयावर पुढे कधी एक शब्द काढला नाही.

आता त्या नाहीत. गुरुवारी मी एकटीच जाते. पाणी बाजूला, फरशीवर ओतते.