कुंचीवरची तीट

आमच्या लीड्सच्या घरात सोफ्यावर बसण्याआधी गादी चाचपून बघायची पद्धत आहे. ती आमच्या ह्यांनी पाडली, एकदा सुई टोचल्यावर. एका वेळी एकच विणकाम हाती घ्यावं हे मला पटतं, जमत मात्र नाही. सध्या एक मोजा आहे, त्याच्या जोडीदाराचा अजून पत्ता नाही. मुलासाठी विणायला घेतलेला जम्पर आहे. तो होईपर्यंत मुलाचे खांदे रुंदावले, आता ह्यांना होईल म्हणत रेटते आहे. चॅरिटी शॉपमधून उचललेल्या जांभळ्या लोकरीचं काय होणार, ते तर देवालाच ठाऊक.

हा नाद आईकडून आला. तिच्या सुया अजून माझ्याकडे आहेत, सायकलच्या तारा घासून केलेल्या, बारीक. पुण्याची थंडी ती किती, पण आमच्या अंगावर दरवर्षी नवा स्वेटर चढायचाच. आईचा कायदा एकच होता: टाका चुकला की उसवायचं, मग तो वीतभर खाली का असेना. मी रडायचे, ती ढिम्म. पुढे मी अगदी तशीच झाले. खाण तशी माती.

आणि अशा मला जिवाभावाची मैत्रीण मिळाली ती कधीच न उसवणारी! ती नागपूरची, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमाला शेजारी बसून विणत होती. ओळख ना पाळख, मी म्हटलं, “तुमचा एक टाका उलट पडलाय.”

“पडू द्या नं. काय फरक पडते?” ती म्हणाली, आणि मला डब्यातला चिवडा दिला.

त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षं शनिवारी एकत्र विणत बसलो, आणि वर्षानुवर्षं ह्याच एका मुद्द्यावर भांडलो. तिच्या प्रत्येक विणीत एखादा टाका चुकलेला असायचाच. मी दाखवला की म्हणायची, “ती चूक नाही, तीट आहे. बाळाच्या गालाला काजळाची लावतात नं, दृष्ट लागू नये म्हणून, तशी.”

“तू कधीपासून दृष्ट मानायला लागलीस?” असल्या गोष्टींवर ती सभेत कडाडून बोलायची, म्हणून मी विचारलं.

“दृष्ट नाही मानत. तुझी नजर मानते.”

तिच्या लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात तिने पिवळ्या लोकरीची कुंची सुरू केली, डोक्यापासून पाठीपर्यंत बाळाला झाकणारी. डोक्याचा भाग झाला आणि ती गेली. अचानक. मला रडू यायच्या आधी तिचा रागच आला. असं अर्धं टाकून कुणी जातं का?

लेक इथेच जन्मलेली, आता ब्रॅकनेलला आयटीत आहे. आईचं घर आवरायला आली तेव्हा ती कुंची सुईसकट माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “मावशी, तू फिनिश करशील? पण मम्मीचा पार्ट तसाच ठेव, प्लीज.” मग म्हणाली, “मम्मी काउंट करायची, दोन सुलट, दोन उलटी. मला तर रोज दोन उलटी झाला!” तिला कळेना मी का हसते आहे. कळल्यावर दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मैत्रीण गेल्यानंतरचं ते आमचं पहिलं हसू.

शब्द दिला खरा, पण पाळणं सोपं नव्हतं. ऐन कपाळावर तिची तीट! क्रोशाची सुई घालून तेवढाच टाका सरळ करता आला असता, कुणाच्या बापाला कळलं नसतं. हात नुसते शिवशिवत होते. एकदा तर सुई घेतलीही. मग तिचं “काय फरक पडते” ऐकू आलं आणि मी निमूट सुई डब्यात टाकली. शिवाय तिचा हात घट्ट, माझा सैल. जोड दिसू नये म्हणून आईच्या बारीक सुया काढल्या. खरं सांगायचं तर मुद्दामच रेंगाळले. कुंची टोपलीत होती तोवर तिचं काहीतरी अजून चालू होतं. शेवटचे टाके बंद केले, पण धागा कापला तो दुसऱ्या दिवशी.

बाळ झालं, मुलगी. आम्ही ट्रेनने ब्रॅकनेलला गेलो. आजीचं रुंद नाक घेऊन आलेली ती पोर कुंचीत अशी दिसत होती की ह्यांनीही फोटोसाठी गुडघे टेकले.

लेक कुंचीवरून बोट फिरवत होती. “मम्मीची तीट कुठे आहे? असणारच!” आणि मग ओरडलीच, “सापडला! मावशी, बघ!”

मी चष्मा लावला. सुलट टाक्यांच्या ओळीत एक उलट, अगदी ठसठशीत. पण तिचं बोट कपाळावर नव्हतं. पाठीवर होतं. तो भाग माझा, आईच्या सुयांवर विणलेला.

आई असती तर तिथल्या तिथे उसवायला बसवलं असतं.

“हो गं,” मी म्हटलं, “तिचीच आहे.”