दरोडेखोराचा पट्टा

शेजारच्या मालतीताईंचा फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबट, तपकिरी प्राणी. डोळ्यांवर काळा पट्टा, म्हणून त्यांच्या यजमानांनी नाव ठेवलं दरोडेखोर. तो दिसला की मी हात वर करून ओरडायचो, "दागिने घ्या, पण जीव घेऊ नका!" यजमान खुर्चीत पोट धरून हसायचे.

ते उन्हाळ्यात गेले. परवा पाहिलं, तर दरोडेखोराचा पट्टा पार फिका पडलेला.

"थंडीत नवे केस येतात, रंग बदलतो," ताई म्हणाल्या. "गळ्याखालचा पांढरा डाग तेवढा तोच आहे. त्यावरून ओळखतील ना हो हे त्याला तिकडून?"

माणूस गेल्यावर घरातलं काहीच बदलू नये असं वाटतं; पण केसांना ते कोण सांगणार?

"ओळखतील की!" म्हणत मी दोन्ही हात वर केले, आणि आम्ही दोघंही रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिलो.